लिंक कुठे आहे, सीआरला विचारा

करोनाच्या काळात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं किंवा ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यापुढे माझ्या तक्रारी लहान आहेत. मला ते मान्य आहे. पण लहान तक्रारी कुणी लिहून ठेवत नाही आणि म्हणूनच त्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जशाच्या तशा येतात. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन्ही वर्षांत मी मुंबई परिसरातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या वर्गाची सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी होते. वर्गात एकशेवीस जण. दोन वर्षांतले बहुतेक दिवस मी ते एकशेवीस जण एकत्र पाहिले नाहीत, तरी त्यांच्यातल्या प्रत्येकाचा रोल नंबर, कोणता फोन कुणाचा आणि कुणाच्या गावात रेंज कुठे येते हे मला पाठ होतं.

ऑगस्ट २०२० मध्ये एस.वाय.चे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले, त्याच आठवड्यात वर्गशिक्षक मॅडमचा फोन आला. "तुझं नाव दिलंय. काही काम नसतं. फक्त ग्रुप बनव आणि सगळ्यांना अ‍ॅड कर." माझंच नाव का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या मार्कांवरून. मागच्या वर्षी आमची दुसऱ्या सत्राची परीक्षा झालीच नव्हती. राज्य सरकारने मे महिन्यात जाहीर केलं होतं की परीक्षा फक्त अंतिम वर्षाची होईल आणि बाकीचे आधीच्या आणि अंतर्गत गुणांवर पुढे जातील. म्हणजे न झालेल्या परीक्षेच्या निकालावर मला प्रतिनिधी केलं गेलं. ज्या वर्गाची मी प्रतिनिधी, त्या वर्गाला कुणी काहीही विचारलं नाही.

ही पद्धत कुठून आली तेही सांगते. महाराष्ट्रात कॉलेजांमध्ये पूर्वी निवडणुका होत. त्यात मारामाऱ्या वाढल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली आणि पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणूक काढून टाकली. वर्गात ज्याला सर्वाधिक गुण, तो प्रतिनिधी, असं ठरलं. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला तेव्हा त्याच्या ९९ व्या कलमात प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी मत देऊन निवडावा, अशी तरतूद झाली. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी सुरू झाली, मग कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि विधानसभा निवडणूक यांमुळे त्या पुढे ढकलल्या आणि मग करोना आला. कायद्यात या प्रतिनिधींच्या विद्यार्थी परिषदेने विद्यार्थ्यांच्या हिताकडे लक्ष द्यावं असं म्हटलं आहे. हजेरी घ्यावी, पीडीएफची नावं बदलावीत, रात्री लिंक पाठवावी असं त्यात कुठेही नाही. मी पाहिलं आहे.

हजेरी ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

फुकटच्या गुगल मीटमध्ये वर्गाला कोण आलं होतं याची यादी शिक्षकाला मिळत नसे. त्यामुळे प्रत्येक लेक्चरला सर सांगत, "सीआर, अटेंडन्स बघून घे." ते बघून घ्यायचे दोन मार्ग होते. एक, सगळ्यांनी चॅटमध्ये रोल नंबर टाकायचा आणि मी तो उतरवून घ्यायचा. पण मीटिंग संपली की चॅट पुसलं जातं, आणि सर "ओके, थँक यू" म्हणत लगेच मीटिंग बंद करत. म्हणून मला लेक्चर संपायच्या आधी पाच-सात मिनिटं सगळं चॅट कॉपी करून ठेवावं लागे, आणि ज्यांनी शेवटच्या मिनिटाला नंबर टाकला ते नंतर माझ्याशी भांडत. दुसरा मार्ग म्हणजे हजर असलेल्यांच्या यादीचे स्क्रीनशॉट काढायचे. यादी लांब, फोनचा पडदा लहान. सरकवत सरकवत काढायचे, तोवर दोघेतिघे बाहेर पडून पुन्हा आत आलेले असत आणि यादीतली त्यांची जागा बदललेली असे.

शिवाय नावं. निम्मा वर्ग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून येत असे. यादीत आईचं नाव असे, काकांचं नाव असे, एखाद्या किराणा दुकानाचं नाव असे, कुणाचं नुसतंच फोनचं मॉडेल. एका मुलाच्या खात्याला त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं आणि ती बहीणही त्याच वेळी त्याच फोनवरून आपल्या सातवीच्या वर्गाला जाण्यासाठी थांबलेली असे. हे सगळं जुळवून मी रोज संध्याकाळी एक्सेलमध्ये हजेरी भरत असे. प्रत्येक विषयाचं पान वेगळं, आणि प्रत्येक सरांना ते वेगळ्या पद्धतीने हवं. एकांना हजर असलेल्यांचे नंबर हवे, दुसऱ्यांना गैरहजर असलेल्यांचे. मॅडमना नावासकट आणि आडनाव आधी.

या कामापायी माझं शिकणं बुडालं, आणि ते भरून निघालं नाही. अकाउंट्सला भागीदारी फर्म बंद होताना हाती येईल तशी रोकड टप्प्याटप्प्याने कशी वाटायची, हा धडा चालू होता तेव्हा मी 'हा सव्वीस नंबर दोनदा कसा' हे शोधत होते. तो धडा मी पुढे यूट्यूबवरून शिकले. वर्गात सर्वाधिक गुण म्हणून जिला नेमलं, तिला वर्ग ऐकताच येऊ नये, असं हे काम होतं.

आणि हजेरीला परिणाम असतात. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलात की डिफॉल्टर यादीत नाव, मग पालकांना फोन. ज्याचं नाव यादीत आलं त्याने यादी कुणी बनवली हेच पाहिलं. "तू टाकू शकली असतीस की," असं मला माझ्या जवळच्या मैत्रिणीने म्हटलं. मी टाकू शकत नव्हते. मी एकीची हजेरी खोटी टाकली असती तर उरलेल्या सगळ्यांची का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हा प्रश्न माझ्यावर यायलाच नको होता. हजेरी शिक्षकाने घ्यायची असते. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला गैरहजर लावायचं आणि मग त्याचीच प्रतिनिधी म्हणून मिरवायचं, या दोन गोष्टी एका माणसाकडे देणं चूक आहे.

दुसरी तक्रार जागेची. फुकटच्या मीटमध्ये शंभर जण मावतात. वर्ग एकशेवीसचा. हे गणित कॉलेजात कुणीच आधी केलं नव्हतं. शंभर भरले की बाकीच्यांना आत घेत नसे आणि ते शिक्षकांना नाही, मला फोन करत. लेक्चर चालू असताना माझा फोन वाजत राही. मी सरांना चॅटमध्ये लिहिलं तर सर चॅट बघत नसत. माइक सुरू करून सांगितलं तर म्हणत, "आत्ता मध्ये नको, नंतर बोल." नंतर हजेरी गेलेली असे. काही दिवस आम्ही झूमवर गेलो, तिथे फुकटची मीटिंग चाळीस मिनिटांत बंद पडते, आणि आमचं लेक्चर अठ्ठेचाळीस मिनिटांचं. उरलेल्या आठ मिनिटांसाठी नवी लिंक बनवायची, ती ग्रुपवर टाकायची, सगळे आत येईपर्यंत तीन मिनिटं जायची. एक सर नेमके त्या आठ मिनिटांत परीक्षेला काय येईल ते सांगत. पुढे कॉलेजने सगळ्यांना स्वतःचे ईमेल दिले. पासवर्ड मात्र माझ्याकडे एका यादीत आले आणि ते विसरणाऱ्यांना पुन्हा मिळवून देणं माझ्या कामात जमा झालं.

"माझा आवाज येतोय का?" हे प्रत्येक लेक्चरच्या सुरुवातीला शिक्षक विचारत. एकशेवीस माइक. कुणीही "हो सर" म्हणत नसे. मॅडम पुन्हा विचारत, मग थांबत, मग त्यांच्या आवाजात जरा ओशाळलेपण येई. मला ते सहन होत नसे, म्हणून मी म्हणत असे. थोड्या दिवसांनी ते माझंच काम झालं. मी एकदा पाच मिनिटं उशिरा आले तर सर शांत बसलेले होते आणि वर्गही शांत बसलेला होता. सरांना वाटत होतं की आपला आवाज जात नाही. सगळ्यांना तो नीट ऐकू येत होता. लेक्चर संपताना "काही डाउट?" या प्रश्नालाही अशीच शांतता, आणि पाच मिनिटांनी मला खाजगी मेसेज, "ते शेवटचं काय म्हणाले गं?"

आमच्याकडे दोन ग्रुप होते, एक शिक्षकांसह आणि एक शिक्षकांशिवाय. दोन्हींची अ‍ॅडमिन मी. शिक्षकांच्या ग्रुपवर नोटीस यायची, ती मी दुसऱ्या ग्रुपवर टाकायची, आणि टाकल्यावर पहिला प्रश्न यायचा, "काय आहे यात?" नोटीस एका पानाची असे. मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत. तारीख ठळक अक्षरांत. तरी मी ती उघडून, वाचून, दोन ओळींत लिहून पुन्हा टाकावी अशी अपेक्षा असे. मी तसं करू लागले, तर त्या दोन ओळींवर प्रश्न येऊ लागले. वेळापत्रक मी ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये घालून ठेवलं होतं. त्यावर एकदा बोट ठेवलं की दिसतं. तरी रोज सकाळी सव्वासातला कुणीतरी विचारी, "पहिलं लेक्चर कशाचं?" एकाने विचारलं की मी उत्तर देई. पाच मिनिटांत दुसरा विचारी. वर सरकवून बघायचे कष्ट त्याला घ्यायचे नसत, कारण वर सरकवण्यापेक्षा मला विचारणं सोपं होतं. गावच्या कोतवालाने दवंडी दिली की तो पुढच्या आळीला जातो, प्रत्येक घरातून माणूस बाहेर येऊन "काय म्हणालास?" असं त्याला विचारत नाही.

वेळेचंही काही बंधन राहिलं नाही. कॉलेज सुरू असताना सीआरला भेटायचं तर तिला वर्गात गाठावं लागे आणि ती घरी गेली की संपलं. ऑनलाइनमध्ये मी सतत वर्गात होते. रात्री साडेअकराला, जेवताना, रविवारी, भाऊबीजेला. शिक्षकही याला अपवाद नव्हते. "उद्या साडेसातला एक्स्ट्रा लेक्चर, सगळ्यांना कळव," असा निरोप रात्री दहानंतर येई. मी तो लगेच टाकला तरी जे झोपले त्यांना तो सकाळी लेक्चर संपल्यावर कळे, आणि "तू उशिरा टाकलंस" हे ऐकून घ्यावं लागे. वेळ मॅडमनी ठरवली, उशीर मॅडमचा, आणि त्याबद्दल मॅडमना काही बोलायची कुणाची हिंमत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर काही तास बंद पडले. भारतात रात्री नऊच्या सुमाराला सुरू झालं ते. त्या रात्री मी आईबरोबर निवांत जेवले. सकाळी उठले तर एका सरांचा मेसेज होता की काल रात्रीची सूचना वर्गाला अजून का गेली नाही.

सबमिशनबद्दल थोडक्यात सांगते. फाउंडेशन कोर्सचा प्रोजेक्ट सगळ्यांनी मला पाठवायचा आणि मी एकत्र करून सरांना, असं ठरलं. फाइलला रोल नंबर आणि नाव द्या, असं मी चार वेळा लिहिलं. आल्या त्या 'डॉक वन', 'न्यू', 'फायनल', 'फायनल फायनल' आणि स्कॅनरने दिलेल्या तारखेच्या नावाच्या. २९ जून २०२० ला सरकारने जी एकोणसाठ चिनी अ‍ॅप बंद केली त्यात सगळ्यांच्या सवयीचं स्कॅनिंगचं अ‍ॅपही होतं, त्यामुळे काहींनी वहीच्या पानांचे नुसते फोटो काढून पाठवले, एकेक पान सुटं, उलटसुलट, काहींवर हाताची सावली. ते फिरवून, क्रमाने लावून, एक पीडीएफ करून नाव द्यायचं. सगळं माझ्या स्वतःच्या पंधरा जीबीच्या ड्राइव्हवर. तो भरला तेव्हा मी माझ्या घरचे फोटो पुसून जागा केली. सरांनी त्या फाइली उघडल्या का, ते मला कधी कळलं नाही. गुण सगळ्यांना जवळपास सारखेच पडले.

मुदत वाढवून मागणं हे मात्र खरोखर प्रतिनिधीचं काम होतं आणि ते मी मनापासून केलं. तिथेही अडचण एकच. दहा जण मला लिहीत, "सरांना सांग ना मुदत वाढवायला, माझं नाव नको घेऊस." सर विचारत, "कोण म्हणतंय?" मी म्हणत असे, "सर, बरेच जण." सर म्हणत, "मला तर कुणी काही बोललं नाही, तुझंच राहिलंय वाटतं." मग सर ग्रुपवर विचारत, "एनी प्रॉब्लेम विथ डेडलाइन?" आणि तेच दहा जण गप्प. माझं काम मी पहिल्याच दिवशी पूर्ण केलेलं असे.

आता जी तक्रार मला खरी वाटते तिच्याकडे येते. मार्च २०२० नंतर वर्गातले बरेच जण गावी गेले होते. माणगाव, महाड, खेड, गुहागर, काही पाटण आणि शिराळ्याकडे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर असे पडले की काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या भागात गेलेले आमच्या वर्गातले काही जण ऑगस्टमध्ये सड्यावर, म्हणजे गावावरच्या उंच कातळावर जाऊन लेक्चरला बसत होते, पावसात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून. सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधल्याची बातमी त्याच सुमाराला सगळीकडे छापून आली आणि लोकांनी तिचं कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण डोंगरावर बसावं लागतंय याबद्दल त्या वेळी कुणाला जाब विचारला गेला नाही. करोनाच्या आधीच, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, ग्रामीण भागातल्या साधारण पंधरा टक्के घरांतच इंटरनेट असल्याचं आणि साडेचार टक्क्यांच्याही आत घरांत संगणक असल्याचं नोंदलं होतं. हे देशाचे आकडे आहेत आणि ते छापलेले होते. ऑनलाइन वर्गाचं वेळापत्रक करताना ते कुणाच्या समोर होते असं मला दिसलं नाही.

कॉलेजने पाहणी केली, ती अशी. एक गुगल फॉर्म आला. त्यात पहिला प्रश्न होता, तुमच्याकडे इंटरनेट आहे का? फॉर्म भरला तो अर्थातच इंटरनेट असलेल्यांनी. मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी भरला नाही त्यांना फोन कर." मी फोन केले. कुणाचा लागला, कुणाचा शेजाऱ्यांकडे लागला. महाडजवळच्या एका गावातल्या मुलाच्या वडिलांनी फोन घेतला. ते मला ताई म्हणाले. "ताई, पोरगा वर सड्यावर गेलाय, तिथं फोन लागतो पण तिथनं घरचा आवाज येत नाही. हजेरी तेवढी लावा." मी त्यांच्या मुलापेक्षा मोठी नाही. त्यांना वाटलं, मी कॉलेजातली कुणी अधिकारी आहे. मी नावांची, गावांची, प्रत्येकाच्या अडचणीची नीट यादी केली. कुणाकडे फोन नाही, कुणाकडे फोन आहे पण रोजचा दीड जीबी तिघा भावंडांत वाटला जातो, कुणाकडे वीज दुपारीच असते. ती यादी मी मॅडमना, विभागप्रमुखांना आणि कार्यालयाला पाठवली. लेक्चर रेकॉर्ड करून ठेवावीत आणि या मुलांना हजेरीतून सूट द्यावी, एवढं मागितलं होतं. उत्तर आलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यातल्या बहुतेकांची नावं मी स्वतः डिफॉल्टर यादीत टाइप केली, कारण यादी बनवायचं काम माझ्याकडे होतं आणि सूट द्यायचा अधिकार नव्हता.

हे सगळं गावातच होत होतं असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल थांबल्या, काही भागांत ती संध्याकाळपर्यंत आली नव्हती. त्या दिवशीचं लेक्चर मात्र झालं, कारण शिक्षक पुण्यात होते. आले अकरा जण. "बाकीचे कुठे आहेत?" असं मला विचारण्यात आलं. विचारण्यात आलं तेव्हा मीही नव्हते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझी त्या दिवसाची गैरहजेरी मीच भरली. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी गुगलच्याच सगळ्या सेवा पाऊण तास बंद पडल्या, तेव्हाही पहिला फोन मलाच. "काय झालंय गं गुगलला?"

शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, बोनाफाइड, यांत वेगळं काही सांगण्यासारखं नाही. कार्यालयाचा फोन उचलला जात नसे आणि माझा उचलला जाई, एवढंच. लसीच्या प्रमाणपत्रांबद्दल मात्र सांगायला हवं. २० ऑक्टोबर २०२१ पासून कॉलेजं उघडली, पण दोन्ही डोस घेतलेल्यांसाठीच. आमच्या वयाच्या लोकांना लस मे महिन्यात खुली झाली, तेव्हा ती मिळतच नव्हती. कोविशील्डच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर ठेवलेलं होतं. ऑगस्टमध्ये ज्याला पहिला डोस मिळाला त्याला २० ऑक्टोबरला दुसरा मिळणं शक्य नव्हतं. वर्गातले कितीतरी जण त्यात होते. त्यांची प्रमाणपत्रं गोळा करून 'पात्र' आणि 'अपात्र' अशा दोन याद्या करायचं काम मला मिळालं. अपात्र यादीतल्यांनी विचारलं, मग आमचं काय? ऑनलाइन चालू राहणार का? मी तोच प्रश्न पुढे विचारला. "बघू," असं उत्तर आलं. ते मी ग्रुपवर लिहिलं तर एकाने लिहिलं, "सीआर असून तुला माहीत नाही?" मला कधीच काही आधी माहीत नसे. जी नोटीस त्यांना येई तीच मला येई, पाच मिनिटं आधी. या पाच मिनिटांना वर्ग सत्ता समजत होता आणि कॉलेज जबाबदारी समजत होतं.

शेवटच्या सत्रात मला नेतृत्वगुणांबद्दल एक ई-प्रमाणपत्र आलं. त्यात माझं आडनाव चुकलं होतं. दुरुस्त करून द्या, असं कळवलं तेव्हा उत्तर आलं की सगळ्या सीआरच्या दुरुस्त्या एका एक्सेलमध्ये एकत्र करून पाठवा.

मी पदवी घेऊन बाहेर पडले तोवर २०१६ च्या कायद्यातली निवडणूक आमच्या कॉलेजात झाली नव्हती. निवडणूक झाली असती तर हे सगळं टळलं असतं असा माझा दावा नाही. पण वर्गाने निवडलेल्या मुलीने सड्यावरच्या मुलांची यादी पाठवली असती, तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, असं मला वाटतं. नेमलेल्या मुलीला उत्तर द्यावं लागत नाही, तिला पुढचं काम देता येतं. ऑनलाइन वर्ग गेले, ग्रुप राहिले. आता वर्ग समोरासमोर भरतात, तरी नोटीस ग्रुपवरच येते, ती एका विद्यार्थिनीनेच पुढे पाठवायची असते आणि हजेरीची एक्सेल शीटही अनेक ठिकाणी अजून तिच्याकडेच आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की हजेरी स्वतः घ्या आणि रात्रीचा निरोप सकाळी द्या. प्राचार्यांना विनंती आहे की सीआरने पाठवलेल्या पत्राला लेखी उत्तर द्या, नकार असला तरी. आणि तुमच्या वर्गाच्या सीआरला आज काही विचारायचं असेल तर आधी ग्रुपचं डिस्क्रिप्शन उघडून वाचा, तिथे नसेल तर विचारा, आणि रात्री नऊच्या आत विचारा.